चार पट्ट्यांच्या चार अध्यक्षांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
वर्ल्ड बॉक्सिंग असोसिएशन (डब्ल्यूबीए), वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिल (डब्ल्यूबीसी), इंटरनॅशनल बॉक्सिंग फेडरेशन (आयबीएफ) आणि वर्ल्ड बॉक्सिंग ऑर्गनायझेशन (डब्ल्यूबीओ) यांस

स.न.वि.वि.

बॉक्सिंगमधला सगळ्यात वरचा वजनगट म्हणजे हेवीवेट. त्याचा विषय निघाला की हल्ली एक वाक्य हमखास कानावर पडतं: आता त्यात राम उरला नाही. अली, फ्रेझियर, फोरमन यांचा जमाना संपला, टायसन गेला, आता राहिलेत ते नुसते धिप्पाड गडी. असं म्हणणारे फक्त न्यूयॉर्क-लंडनमध्ये नाहीत. लास वेगासमधली शनिवार रात्रीची लढत आमच्याकडे रविवारी सकाळी दिसते आणि हातातलं काम बाजूला ठेवून ती बघणारे महाराष्ट्रातही पुष्कळ आहेत. त्यांच्यातले जाणतेसुद्धा हेच बोलतात. मला ते अर्धंच पटतं. हेवीवेटची रया गेली आहे हे खरं, पण ती बॉक्सरांनी घालवलेली नाही. ती तुमच्या संघटनांनी घालवली आणि साठ वर्षं एकाच पद्धतीने घालवत आल्या. म्हणून हे पत्र तुम्हाला.

ती पद्धत आधी सांगतो. २५ फेब्रुवारी १९६४ ला मायामी बीचवर सनी लिस्टन सातव्या फेरीसाठी स्टुलावरून उठलाच नाही आणि बावीस वर्षांचा कॅशियस क्ले जगज्जेता झाला. थोड्याच दिवसांत तो मुहम्मद अली झाला. लिस्टनला पुन्हा संधी द्यायची असं ठरलं. जगाला तीच लढत बघायची होती. पण लगेच रीमॅच घेणं नियमात बसत नाही म्हणून डब्ल्यूबीएने अलीचा किताब काढून घेतला, आणि पुढे तो अर्नी टेरेलकडे गेला. फेब्रुवारी १९६७ मध्ये ह्यूस्टनला अलीने टेरेलला पंधरा फेऱ्या झोडपून काढलं, तेव्हा कुठे लोकांना तीन वर्षं माहीत असलेली गोष्ट कागदावर आली.

मग १९७८. अवघी आठवी व्यावसायिक लढत खेळणाऱ्या लिऑन स्पिंक्सने फेब्रुवारीत अलीला हरवलं. स्पिंक्सने अलीशी रीमॅच कबूल केली, तर डब्ल्यूबीसीने त्याचा किताब काढला आणि केन नॉर्टनला बसल्या जागी जगज्जेता जाहीर केलं. नॉर्टनने आदल्या वर्षी जिमी यंगला हरवलं होतं, तीच लढत मागाहून किताबाची धरली. नॉर्टन मोठा बॉक्सर होता, १९७३ मध्ये त्याने अलीचा जबडा मोडला होता. पण किताबाच्या तीन लढती खेळून तो तिन्ही हरला आणि तरी जगज्जेत्यांच्या यादीत त्याचं नाव आहे. त्याचा यात दोष नाही. त्याला असा पट्टा, म्हणजे किताबाची खूण असलेला कमरपट्टा, देणाऱ्यांचा आहे.

त्याच नॉर्टनची जून १९७८ मधली लॅरी होम्सशी लढत आठवा. इथे मी थोडा थांबणार आहे, कारण हेवीवेट म्हणजे काय हे नव्या माणसाला दाखवायचं झालं तर मी हीच लढत दाखवतो. होम्सचा डावा हात लढतीच्या काही दिवस आधी दुखावला होता, आणि त्याचं सगळं बॉक्सिंग त्या डाव्या हाताच्या जॅबवर, म्हणजे सरळ फेकलेल्या झटपट ठोशावर, उभं. सुरुवातीच्या फेऱ्या त्याने त्याच हाताने जिंकल्या. मग नॉर्टन आत शिरायला लागला. हात छातीशी आडवे, पाय घासत पुढे, अंगावर जाऊन बरगड्यांत ठोसे. पंधराव्या फेरीची घंटा झाली तेव्हा दोघांचेही हात जड झालेले आणि लढत कुणाची हे सांगता येत नव्हतं. त्या तीन मिनिटांत पारडं कितीदा फिरलं! नॉर्टनचा ठोसा बसतो, होम्सचं डोकं मागे जातं, आणि पुढच्याच क्षणी होम्स दोन्ही हातांनी तुटून पडतो. शेवटी तिन्ही जजनी एकच आकडा लिहिला, १४३-१४२. दोघांनी होम्सच्या नावावर, एकाने नॉर्टनच्या. पंधरा फेऱ्यांनंतर एका गुणाचा फरक.

त्या रात्री एवढी मोठी लढत झाली त्याचं श्रेय पट्ट्याला नाही. त्या वेळचे दोन अव्वल बॉक्सर ऐन भरात समोरासमोर आले, एवढंच. पण कागदावर त्या रात्रीनंतरही जगज्जेते दोनच राहिले. सप्टेंबरात न्यू ऑर्लिन्सला अलीने स्पिंक्सला हरवलं तेही जगज्जेतेपद, आणि होम्सकडे होतं तेही जगज्जेतेपद. पुढची जवळजवळ दहा वर्षं ही फाटाफूट चालली. या काळात १९८३ मध्ये आयबीएफ आली, होम्सने डब्ल्यूबीसीचा पट्टा टाकून तिचा घेतला, म्हणजे दोनाचे तीन झाले. शेवटी ऑगस्ट १९८७ मध्ये टायसनने टोनी टकरला हरवून तिन्ही एकत्र केले, तर पुढच्याच वर्षी डब्ल्यूबीओ निघाली.

हा जुना इतिहास झाला असं म्हणाल, म्हणून अलीकडचं सांगतो. नोव्हेंबर १९९९ मध्ये लेनॉक्स लुईसने होलीफील्डला हरवलं आणि हेवीवेटला निर्विवाद जगज्जेता मिळाला. काही महिन्यांत डब्ल्यूबीएचा किताब गेला, कारण लुईस त्यांचा आव्हानवीर जॉन रुईझऐवजी मायकेल ग्रँटशी लढला. मग त्या रिकाम्या पट्ट्यासाठी होलीफील्ड आणि रुईझ तीनदा लढले. ज्यांनी त्या तिन्ही लढती पाहिल्या असतील त्यांच्या सोशिकपणाला मी मानतो.

२८ नोव्हेंबर २०१५ ला ड्युसेलडॉर्फमध्ये टायसन फ्युरीने व्लादिमिर क्लिचकोची साडेनऊ वर्षांची सद्दी संपवली. दोन आठवडेही झाले नाहीत तोच आयबीएफने फ्युरीचा पट्टा काढला. त्याचा गुन्हा? क्लिचकोशी रीमॅच कबूल केली होती. ती रीमॅच पुढे फ्युरीच्याच बाजूने रद्द झाली हे मला माहीत आहे. पण तुम्ही पट्टा काढलात तो त्याआधी. जानेवारीत त्या पट्ट्यासाठी ग्लाझकोव्ह आणि चार्ल्स मार्टिन लढले, तिसऱ्या फेरीत ग्लाझकोव्हचा गुडघा गेला आणि मार्टिन जगज्जेता झाला. तीन महिने व्हायच्या आत अँथनी जोशुआने त्याला दुसऱ्या फेरीत आडवा केला. जो लुईस, मार्सियानो, अली यांच्या रांगेत एका माणसाचं नाव दुसऱ्याच्या गुडघ्यामुळे लिहिलं गेलं, आणि यात तुमच्या एकाही नियमाचा भंग झाला नाही.

मे २०२४ मध्ये ओलेक्सांद्र उसिकने रियाधला फ्युरीला हरवलं. चोवीस वर्षांनी हेवीवेटला पुन्हा एकच जगज्जेता मिळाला. किती दिवस? जून संपायच्या आत आयबीएफचा पट्टा त्याला सोडावा लागला, कारण त्याला फ्युरीशी रीमॅच खेळायची होती. पट्टा गेला डॅनियल डुबोआकडे, ज्याला उसिकने वर्षभरापूर्वीच व्रॉत्सवाफला नवव्या फेरीत संपवलं होतं. जुलै २०२५ मध्ये वेम्बलीवर उसिकने त्याला पाचव्या फेरीत पुन्हा आडवा करून आपलाच पट्टा परत आणला. त्याच वर्षी नोव्हेंबरात डब्ल्यूबीओचा पट्टा सुटला आणि फॅबिओ वॉर्डली त्याचा मालक झाला.

अली, स्पिंक्स, लुईस, फ्युरी, उसिक. पाचही जण पळपुटे नव्हते. यांपैकी चौघांना तर, ज्याच्याशी नुकताच झगडा झाला त्याच्याशीच पुन्हा लढायला तयार झाले म्हणून किताब गमवावा लागला. तुमच्यातला प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवेल. पण यादी बघा. ६४ ला डब्ल्यूबीए, ७८ ला डब्ल्यूबीसी, २००० ला पुन्हा डब्ल्यूबीए, २०१५ आणि २०२४ ला आयबीएफ, २०२५ ला डब्ल्यूबीओ. एकही संघटना सुटलेली नाही.

आम्हा मराठी माणसांना हे दुखणं समजावून सांगावं लागत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये फुलगावला सिकंदर शेख महाराष्ट्र केसरी झाला आणि त्याच महिन्यात धाराशिवला शिवराज राक्षे महाराष्ट्र केसरी झाला. दोन्ही पैलवान खरे, दोघांची मेहनत खरी, दोन्ही गदा खऱ्या. पण गावातल्या पोराने विचारलं की यंदाचा केसरी कोण, तर उत्तर देताना मोठी माणसं अडखळत होती. एका राज्याच्या कुस्तीत एका वर्षी झालं तर आम्हाला एवढं लागलं. तुम्ही साऱ्या जगाच्या बाबतीत हे पिढ्यान्‌पिढ्या करत आहात.

आणि पट्टे चारवरही थांबले नाहीत. डब्ल्यूबीएने एकाच वजनात ‘सुपर’ विजेता, ‘रेग्युलर’ विजेता आणि ‘अंतरिम’ विजेता असे मजले चढवले. महमूद चारने २०१७ मध्ये तो ‘रेग्युलर’ पट्टा मिळवला आणि काढून घेईपर्यंत, म्हणजे तीन वर्षांहून जास्त काळ, एकदाही राखला नाही. त्याच काळात त्याच संघटनेचा खरा विजेता दुसराच होता. डब्ल्यूबीसीने ‘डायमंड’ काढला, ‘फ्रँचाइज’ काढला. एवढं कशासाठी, हे कुणाला कोडं नाही. किताबाची लढत म्हटली की बॉक्सरच्या मानधनातून संघटनेची फी कापली जाते, साधारण तीन टक्क्यांच्या घरात. पट्टा जितके जण मिरवतील तितक्या ठिकाणी फी. चारही पट्टे जिंकणाऱ्याने चारही ठिकाणी भरायची. पैसे त्याचे, रक्त त्याचं, आणि तो कुणाशी लढेल हे ठरवणार तुम्ही.

क्रमवारीबद्दल जास्त लिहीत नाही, दोन-तीन गोष्टी पुरेत. आयबीएफचे संस्थापक बॉब ली यांच्यावर १९९९ मध्ये क्रमवारीसाठी लाच घेतल्याचा खटला भरला गेला. लाचखोरीच्या आरोपांतून ते सुटले, पण मनी लाँडरिंग आणि करचुकवेगिरीत दोषी ठरून तुरुंगात गेले. डब्ल्यूबीओच्या क्रमवारीत डॅरिन मॉरिस हा बॉक्सर मेल्यानंतरही वर चढत राहिला. तो हेवीवेट नव्हता, पण यादी करणारे तेच होते. आणि २०२३ मध्ये, बॉक्सिंगची एकमेव लढत खेळून ती हरलेल्या फ्रान्सिस एन्गानूला डब्ल्यूबीसीने हेवीवेटच्या पहिल्या दहांत बसवलं. त्याने फ्युरीला खाली पाडलं होतं, मान्य. तरी वर्षानुवर्षं छोट्या हॉलमध्ये वीस-पंचवीस लढती जिंकून रांगेत उभ्या असलेल्या बॉक्सरने हे वाचून काय समजायचं?

आता जुन्या काळाबद्दल. मी तो सोन्याचा होता असं म्हणणार नाही, कारण नव्हता. जॅक डेम्प्सी एकटाच जगज्जेता होता, पण हॅरी विल्सला त्याच्याशी लढायची संधी कधी मिळाली नाही, विल्सचा रंग आड आला. सॅम लँगफर्ड तर त्या काळातला सर्वोत्तम बॉक्सर असेल, त्याला हेवीवेटच्या जगज्जेतेपदाची एकही लढत मिळाली नाही. जो लुईसने डिसेंबर १९४० ते जून १९४१ या सात महिन्यांत सात वेळा किताब राखला, आणि तेव्हाही वर्तमानपत्रं म्हणत होती की दर महिन्याला एक फडतूस प्रतिस्पर्धी आणून उभा करतात. प्रत्येक पिढीला मागची पिढी मोठी वाटते.

विल्स आणि लँगफर्ड यांच्यावरचा अन्याय आठवतो म्हणूनच, जगज्जेत्याने ठरावीक मुदतीत पहिल्या क्रमांकाच्या आव्हानवीराशी लढलंच पाहिजे, हा तुमचा नियम मला मुळात योग्य वाटतो. त्या नियमाने अनेकांना दार उघडलं. पण एका जगज्जेत्याला चार संघटनांचे चार आव्हानवीर, प्रत्येकाची मुदत वेगळी, आणि आजचा जगज्जेता वर्षात लढतो एकदा किंवा दोनदा. हे गणित कुणालाच सुटणार नाही. मग तो एक पट्टा ठेवतो, एक सोडतो, आणि लोक म्हणतात की निर्विवाद जगज्जेता टिकतच नाही. अलीने मार्च १९६६ ते मार्च १९६७ या एका वर्षात सात वेळा किताब राखला होता. तशा वेगाने लढणारा कदाचित चार दारं सांभाळू शकला असता. आज तो वेग नाही, आणि मेंदूला होणाऱ्या इजांबद्दल आपल्याला जे कळलं आहे ते पाहता तो असावा असं मी म्हणणार नाही. १९८२ मध्ये दुक-कू किम हा बॉक्सर रिंगमध्ये जखमी होऊन मरण पावला, त्यानंतर डब्ल्यूबीसीने पंधरा फेऱ्यांच्या बारा केल्या. तो निर्णय योग्य होता. होम्स-नॉर्टनची पंधरावी फेरी माझी इतकी आवडती असूनही मी तसं म्हणतो.

बॉक्सर खरंच कमी पडतात का? अमेरिकेपुरतं बोलायचं तर होय. १९८८ मध्ये सोलला रे मर्सरने हेवीवेटचं सुवर्ण जिंकलं, त्यानंतर वरच्या दोन वजनांत अमेरिकेला ऑलिंपिकचं एकही सुवर्ण नाही. उंचापुरा, चपळ अमेरिकन मुलगा आज फुटबॉल किंवा बास्केटबॉलकडे जातो. पण अमेरिका म्हणजे जग नव्हे. उसिक २०१२ चा ऑलिंपिक विजेता, क्रूझरवेट या हेवीवेटच्या खालच्या वजनगटात चारही पट्टे जिंकून वर आलेला. फ्युरी सहा फूट नऊ इंच आणि उसिकपेक्षा कितीतरी जड. नवव्या फेरीत उसिकचा डावा हात बसला आणि तो भला मोठा माणूस दोरांवर आपटत या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात झोकांड्या खात गेला. रेफरीने मध्ये पडून मोजायला सुरुवात केली आणि पाठोपाठ घंटा झाली. नुसत्या धिप्पाडपणाचा जमाना आहे म्हणणाऱ्यांनी ती फेरी पाहावी. पायांची अशी चाल कुठल्याही दशकात चालली असती.

प्रेक्षकही कुठे गेलेले नाहीत. २०१७ मध्ये जोशुआ-क्लिचको बघायला वेम्बलीवर नव्वद हजार माणसं होती, २०२४ मध्ये जोशुआ-डुबोआला त्याहून जास्त. माल आहे, गिऱ्हाईक आहे. नाही ती फक्त वेळेवर होणारी लढत.

ज्या लढती झाल्याच नाहीत त्यांचं दुःख मला सगळ्यात जास्त आहे. १९९२ मध्ये रिडिक बोने डब्ल्यूबीसीचा पट्टा लंडनमध्ये कचऱ्याच्या डब्यात टाकला. ज्या लेनॉक्स लुईसशी तेव्हा त्याने लढायला हवं होतं त्याच्याशी तो व्यावसायिक रिंगमध्ये कधीच लढला नाही. लुईस-टायसन झाली ती २००२ मध्ये, दोघं छत्तिशीला आल्यावर. २०१८ मध्ये चार पट्टे जोशुआ आणि डिऑन्टे वाइल्डर या दोन अपराजित बॉक्सरांकडे होते, दोघं ऐन भरात होते, आणि ती लढत झाली नाही. २०२१ मध्ये ठरलेली फ्युरी-जोशुआ लवादाच्या एका निकालाने मोडली. यातल्या बऱ्याच गोष्टींना प्रमोटर आणि टीव्ही कंपन्या जबाबदार आहेत, सगळं खापर मी तुमच्यावर फोडत नाही. पण पट्टा एकच असता, तर तो मिळवायला जोशुआला वाइल्डरच्या आणि वाइल्डरला जोशुआच्या समोर जावंच लागलं असतं. प्रत्येकाकडे ‘जगज्जेता’ म्हणवून घ्यायची सोय तुम्ही केलीत, म्हणून थांबणं परवडलं.

शेवटी उसिक-फ्युरी जुळवली ती सौदीच्या पैशाने. तुम्हाला चोवीस वर्षांत जे जमलं नाही ते एका राजसत्तेच्या तिजोरीने केलं. चाहता म्हणून मी ती लढत आनंदाने पाहिली, पण कोण कुणाशी कधी लढेल हे त्या तिजोरीच्या मर्जीवर सोडून देणं मला सुरक्षित वाटत नाही. मर्जी फिरली की काय?

तुम्ही चौघं मिळून एक संघटना व्हा, असली मागणी मी करत नाही, ती होणार नाही. डब्ल्यूबीसी आणि डब्ल्यूबीए या दोन्ही संघटनांत अध्यक्षपद वडिलांकडून मुलाकडे आलं आहे. एवढी जपलेली खुर्ची कुणी सहज सोडत नाही. माझं मागणं त्यापेक्षा खूप लहान आहे. हेवीवेटमध्ये दोन पट्टेधारक एकमेकांशी लढणार असतील, किंवा किताब गमावलेल्याला विजेता रीमॅच देणार असेल, तर त्या लढतीचा निकाल लागेपर्यंत चारपैकी कुणीही किताब काढणार नाही, असा एक ओळीचा ठराव चौघांनी सारख्याच शब्दांत करावा. निर्विवाद जगज्जेता असताना आव्हानवीर चार नकोत, वर्षाला एक. कोणत्या संघटनेची पाळी आधी हे तुम्ही आपसांत ठरवा आणि आधी जाहीर करा. आणि डब्ल्यूबीएने ‘रेग्युलर’ विजेता हा प्रकार हेवीवेटमधून कायमचा काढून टाकावा.

तुमची वार्षिक अधिवेशनं दरवर्षी भरतात, नियमांत बदलही तिथेच होतात. येत्या अधिवेशनांच्या विषयपत्रिकेवर हा ठराव आणा, मतदान उघड घ्या, आणि कोणत्या संघटनेने विरोध केला ते आम्हाला नावानिशी कळू द्या.

कळावे,
आपला,
मुष्टियुद्धाचा एक मराठी चाहता